लॉकडाऊनमधली 'बिगर-जीवनावश्यक' दुकानं: माल बंद केला की नुसतं शटर?

गोलाईकर (धागाकर्ता):

शेजारच्या धाग्यावर कुणीतरी लिहून गेलंय की लॉकडाऊनमध्ये सरकारनं चैनीच्या वस्तूंची दुकानं तेवढी बंद ठेवली, व्यापाऱ्यांनी उगाच गळा काढला. तिथं विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमचं लातूरला गोलाईत कापडाचं दुकान आहे, आजोबांच्या काळापासून. ज्यांनी गंज गोलाई पाहिली नाही त्यांच्यासाठी: मधे जगदंबेचं मंदिर, त्याभोवती गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठं सराफा, कुठं भुसार, कुठं भांडी, कुठं कापड. एप्रिल २०२१ मध्ये गोलाईत उभं राहिलं की जीवनावश्यक दुकानांची सरकारी यादी डोळ्यांना दिसायची. किराणा उघडा, औषधं उघडी, खत-बियाणं उघडं. आमची ओळ बंद, भांड्यांची बंद, चपलांची बंद.

तारखा आठवा. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, तर ५ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्य सरकारचे 'ब्रेक द चेन' निर्बंध लागू होऊन आम्ही घरी. त्या वर्षी अक्षय तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी आली, १४ मेला. दोन्ही गिऱ्हाइकं एकदम आणि शटर खाली! मराठवाड्यात कापडवाल्याचं वर्ष लग्नसराईवर चालतं. मृग निघाला की लोकांचा पैसा पेरणीत जातो, मग दिवाळीपर्यंत उधारीवर दिवस काढायचे. त्यामुळं 'दोन-दोन महिने बंद होतं, त्यात काय' असं म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. आमची अख्खी दोन वर्षं गेली.

पण रडगाणं गायला धागा काढलेला नाही. मुद्दा वेगळा आहे. बंदी मालावर घातली, बंद झालं फक्त शटर. विक्री चालूच होती. कशी, ते आमच्या बाजूच्या कुणालाही विचारा. शटर हातभर वर. बाहेर एक पोरगं मोटारसायकलवर बसलेलं, त्याला काम एकच: पथकाची गाडी वळली की दोनदा हॉर्न मारायचा. गिऱ्हाईक वाकून आत शिरलं की शटर टेकवायचं. आत गादीवर नवरीची आई, मावशी, काकू, लेकरं, सगळी मांडीला मांडी लावून. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून पुढचे दिवे बंद. हवा यायला फट नाही. एरवी तीच माणसं उघड्या दुकानात, पंख्याखाली, अंतरानं बसली असती. आता सांगा, रोग कुठं जास्त पसरला असेल?

यादी करणाऱ्यानं दुकानाची पाटी वाचली. आत माणसं किती मावतात, वारा खेळतो का, गिऱ्हाईक किती वेळ बसतं, हे बघायला पाहिजे होतं. साखर घ्यायला आलाय की साडी, याच्याशी विषाणूला काय देणंघेणं?


हौशी_नांदेडकर:

हौ ना. २०२० ला ४ मेपासून दारूची दुकानं उघडायला परवानगी आली तवा आमच्याकडं लेकराच्या चड्ड्या मिळंनात. गुटख्याला तर राज्यात २०१२ पासून बंदी हाय, त्यो आख्ख्या लॉकडाऊनभर मिळायला. पुडीचा भाव तेवढा आभाळाला टेकला. जे कायम बंद ते चालू, जे कायम चालू ते बंद, आसा कारभार.


दवाखाना_ड्यूटी:

मी तेव्हा नांदेडला दवाखान्यात ड्यूटीवर होते, म्हणून दुसरी बाजू मांडते. राग आला तरी चालेल.

कापड चैनीचं आहे असं आमच्यातल्या कुणीच म्हणत नव्हतं. प्रश्न मालाचा नव्हताच. माणसानं घराबाहेर पडायची कारणं कमी करायची होती, आणि ती कमी करताना जे कारण महिनाभर थांबू शकतं ते आधी थांबवायचं, एवढाच विचार होता. साखर थांबत नाही. बस्ता थांबतो, निदान थांबायला हवा होता.

बस्ता कसा असतो ते गोलाईकरांना मी सांगायला नको. गावाकडून क्रुझर भरून माणसं येतात. नवरीकडचे वेगळे, नवरदेवाकडचे वेगळे. सकाळी आले की दुपारपर्यंत दुकानात, मग बाहेर जेवण, मग भांड्यांचं दुकान, मग सोनार, आणि दिवेलागणीला परत त्याच क्रुझरमध्ये गावाकडं. एका गाडीतल्या एकाला लागण असेल तर शहरातली चार दुकानं आणि दोन गावं. किराण्याच्या गिऱ्हाइकाचं तसं नसतं. तो पिशवी पुढं करतो, पाच मिनिटांत जातो. तेव्हा 'विषाणूला काय देणंघेणं' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण माल बदलला की गर्दीची तऱ्हा बदलते.

नांदेडला २५ मार्च ते ४ एप्रिल २०२१ आणि बीडला २६ मार्च ते ४ एप्रिल असं जिल्ह्यापुरतं लॉकडाऊन राज्याच्या आधीच झालं होतं. ते हौसेनं नव्हतं केलेलं. वॉर्डात ऑक्सिजनचा काटा खाली यायला लागला की नातेवाईक सिलिंडर शोधायला रात्री मोटारसायकलवर निघायचे. ते बघितलेल्याला शटरचं दुःख जरा उशिरा कळतं, हे मान्य आहे.

बंद शटरच्या आतल्या हवेबद्दल तुम्ही लिहिलंय ते मात्र शंभर टक्के खरं.


कडबाकुट्टी:

हिंगोली जिल्हा, वसमतकडचा. आमची गोष्ट कापडापेक्षा वेगळी आहे.

२०२० ला मार्च-एप्रिल म्हणजे आमच्याकडं हळदीचा हंगाम. काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून बाजारात न्यायची. खत-बियाण्याची दुकानं चालू म्हणून शासनानं पाठ थोपटून घेतली, पण त्या दिवसांत खत घेतंय कोण? आम्हाला पाहिजे होता बारदाना, ताडपत्री, दोर आणि बोअरची जळालेली मोटर बांधून देणारा माणूस. वाळत घातलेल्या हळदीवर अवकाळी पाऊस आला तर रंग जातो, रंग गेला की भाव गेला. आणि ताडपत्रीचं दुकान बंद! दुकानदार ओळखीचा होता, म्हणला, 'दादा, संध्याकाळी घरी या, गच्चीवर काढून ठेवतो.' चोरीचा माल आणल्यासारखी ताडपत्री चादरीत गुंडाळून आणली.

यादी करणाऱ्याला शेती म्हणजे पेरणी एवढंच ठाऊक. काढणीला पण सामान लागतं हे मुंबई-दिल्लीत कोण सांगणार.


कायद्याचा_किडा:

संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) वकिली करतो. दोन-तीन गैरसमज इथं दिसतायत.

लोकांना वाटतं ही यादी १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातून आली. तो कायदा साठेबाजी आणि भावांसाठी आहे, त्याचा इथं संबंध नव्हता. टाळेबंदीचे आदेश निघाले आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली, जोडीला १८९७ चा साथरोग कायदा. केंद्राच्या २४ मार्च २०२० च्या आदेशाची रचना अशी होती की आधी सगळं बंद, मग अपवाद. 'कापड बंद' असं त्यात कुठंही सापडणार नाही. ते अपवादात नव्हतं, एवढंच.

त्यामुळं पुढं कुणी ओरडलं की एक अपवाद वाढायचा. @कडबाकुट्टी, शेती अवजारांचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांना सूट आली ती ३ एप्रिलला. शाळेची पुस्तकं आणि विजेचे पंखे २१ एप्रिलला. मग २४ एप्रिलच्या आदेशानं वस्तीतली एकटी-दुकटी, मॉलबाहेरची दुकानं निम्म्या माणसांवर चालवायला परवानगी दिली, पण राज्याला आणि जिल्ह्याला त्याहून कडक राहायची मुभा होतीच. आणि हीच मेख आहे. २०२० च्या केंद्राच्या आदेशात लिहिलेलं होतं की राज्यांनी निर्बंध वाढवले तर चालतील, सैल करता येणार नाहीत. म्हणजे हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना हळद कितीही कळत असली तरी ताडपत्री यादीत घालायचा अधिकार नव्हता. काढून टाकायचा मात्र होता.

२०२१ चं वेगळं. तेव्हा राज्याच्या आदेशात स्थानिक आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण एखादी सेवा अत्यावश्यक ठरवू शकेल असं कलम होतं, आणि पावसाळ्यापूर्वीच्या सामानाची दुकानंही यादीत आली होती. म्हणजे एका वर्षात सरकार थोडं शिकलं होतं. तेव्हाची तक्रार असेल तर ती मुंबई-दिल्लीकडं न करता जिल्ह्याच्या ठिकाणी करायला हवी होती.

धंदा करायचा हक्क घटनेच्या १९(१)(छ) मध्ये आहे आणि त्यावर जनहितासाठी वाजवी निर्बंध घालायची सोय १९(६) मध्ये. सगळं भांडण 'वाजवी' कशाला म्हणायचं यावर. माझं वैयक्तिक मत: पंधरा दिवस वाजवी, लग्नसराईभर नाही.


परभणीचा_पारा:

पंख्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. पंखा यादीत आला, कूलर नाही आला.

परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. पत्र्याच्या घरात पंखा लावला तर तो वरची गरम हवा खाली फेकतो, दुसरं काही नाही. आमच्याकडं कूलर म्हणजे घरटी एक पत्र्याचा डबा, दर उन्हाळ्यात त्याचं गवत बदलायचं, पाण्याची मोटर जाम झाली असेल तर नवी टाकायची. दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या. पण मिळतात त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, आणि ते बंद.

आमचे अण्णा तेव्हा घरातच विलगीकरणात होते. ताप उतरलेला, पण खोली भट्टीसारखी. मिस्त्रीला फोन लावला तर म्हणाला, 'साहेब, येतो, पण पिशवीत भाजी ठेवतो, वर कोथिंबीर दिसली पाहिजे.' आणि खरंच आला. कोथिंबिरीच्या जुडीखाली मोटर, मोटरखाली पाना. चौकात अडवलं तर भाजी आणायला गेलतो म्हणणार. काम झाल्यावर कोथिंबीर पण आम्हालाच विकून गेला.


बस्ता_बहाद्दर:

हाहाहा कोथिंबीर. त्याला तर शिवभोजन केंद्राचा ठेका द्यायला पाहिजे होता.


कार्डिफची_बीडकर:

माहेर बीड, सध्या मुक्काम वेल्स. हे सगळं इथंही झालंय, जवळजवळ असंच.

२३ ऑक्टोबर २०२० च्या संध्याकाळपासून ९ नोव्हेंबरपर्यंत वेल्समध्ये 'फायरब्रेक' लॉकडाऊन होतं. छोटी कपड्यांची, खेळण्यांची, भांड्यांची दुकानं बंद केली होतीच. मग सरकारच्या लक्षात आलं की सुपरमार्केटं अन्नधान्यासाठी उघडी आहेत आणि तिथं कपडे, खेळणी, भांडी सगळं विकलं जातंय. फर्स्ट मिनिस्टर मार्क ड्रेकफर्ड यांनी सांगितलं की हा छोट्या दुकानदारांवर अन्याय आहे, सुपरमार्केटांनीही गरजेपलीकडचा माल विकायचा नाही. झालं. दुसऱ्या दिवशी गेले तर अर्ध्या दुकानाला प्लास्टिकचे पडदे, पट्ट्या, आडवे लावलेले खोके. मांडणीवर किटली दिसतेय पण घेता येत नाही. लेकराचे थंडीचे मोजे पडद्याआड.

लोक इतके भडकले की काही दिवसांत साठ हजारांच्या वर सह्यांचा अर्ज गेला. एका दुकानात तर बायकांच्या पाळीच्या पॅडच्या मांडणीपुढंच अडथळे लावले होते, मग सरकारला सांगावं लागलं की ते आमच्या नियमात नाही. शेवटी ज्याला खरंच गरज आहे त्याला दुकानानं तारतम्यानं द्यावं असा खुलासा आला. कॅनडात मॅनिटोबानं त्याच नोव्हेंबरात आणि ऑन्टॅरिओनं एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या दुकानांना हेच करायला लावलं.

मला तेव्हा मनातून बरं वाटलं होतं. बीडला आमच्या गल्लीतला चपलांचा दुकानदार घरी बसला आणि मोठ्या दुकानात चपला खुशाल विकल्या, असं ऐकलं होतं. इथं निदान नियम सगळ्यांना सारखा. पण पडदे लावलेल्या दुकानात फिरताना हेही जाणवलं की मी आत आलेलीच आहे, गर्दीत उभी आहे, आता मोजे घेतले काय आणि नाही काय, संसर्गात फरक शून्य. न्याय झाला, उपयोग झाला नाही.


पैठणगेट:

@कार्डिफची_बीडकर, हा नियम आपल्याकडंही कागदावर होता बरं का. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं प्रश्नोत्तरं काढली, त्यात होतं की मोठ्या सुपरमार्केटात अत्यावश्यक सोडून दुसरा माल असेल तर तो विभाग बंद ठेवायचा. आमच्या इथल्या एका मोठ्या दुकानात मी गेलो तर कपड्यांच्या विभागाला एक सुतळी बांधलेली. सुतळीच्या पलीकडून बाई बनियन निवडतायत, अलीकडून मुलगा बिलाला नेतोय. सुतळीचं पालन मात्र काटेकोर, कुणी ओलांडली नाही.

आणि ऑनलाइनवाल्यांची गंमत विसरू नका. १५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या सूचनांनुसार २० तारखेपासून ऑनलाइन कंपन्या मोबाइल, टीव्ही, फ्रिज काहीही विकू शकणार होत्या. देशभरातल्या व्यापारी संघटनांनी आरडाओरडा केला आणि १९ तारखेला आदेश फिरला, ऑनलाइनवरही फक्त जीवनावश्यक. आमच्या औरंगाबादच्या गुलमंडी-पैठण गेट बाजारवाल्यांनी तेव्हा पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. म्हणजे व्यापाऱ्याला स्वतःचं दुकान उघडण्यापेक्षा दुसऱ्याचं बंद झाल्याचा आनंद जास्त. मी पण व्यापारीच आहे, म्हणून लिहू शकतो.

औरंगाबाद रेड झोनमध्ये, शेजारचं जालना ऑरेंजमध्ये आणि उस्मानाबाद ग्रीनमध्ये. मे २०२० मध्ये ऑरेंज-ग्रीनला ऑनलाइन काहीही मागवता येत होतं, आम्हाला नाही. मोबाइलच्या चार्जरसाठी लोक जालन्याच्या मेव्हण्याचा पत्ता टाकायचे. पुढं तो चार्जर इकडं कसा यायचा ते विचारू नका. मग जुलैत, १० ते १८, शहर पुन्हा कडकडीत बंद. आणि २०२१ च्या मार्चअखेर जाहीर झालेलं लॉकडाऊन सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मागं घेतलं. लोकांनी आधीच आठ-दहा दिवसांची खरेदी करून बाजारात जी झुंबड उडवली होती, ती काही मागं घेता आली नाही.


मोंढ्यातला_मास्तर:

सगळे दुकानदार बोलतायत. ज्यांना शटरच नाही त्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या गावच्या आठवडी बाजारात एक बांगड्यावाली मावशी बसते. चार गावांचे चार बाजार धरलेले, चार दिवस चार ठिकाणी. आठवडी बाजार २०२० ला जे बंद झाले ते आमच्या भागात किराणा, कापड सगळं उघडल्यावरही बंदच होते. तिला अर्धं शटर नाही, मागचं दार नाही, ओळखीचं पथक नाही. टोपलीत काचेच्या बांगड्या घेऊन ती दारोदार फिरली, तर लोक दार उघडेनात. कारण बांगड्या भरायच्या म्हणजे हात हातात घ्यायचा.

सरकारनं १३ एप्रिल २०२१ ला मदत जाहीर केली तेव्हा नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड हजार रुपये होते. नोंदणी शहरात. आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईची नोंद बाजाराच्या पावतीवर, आणि ती पावती वारा आला की उडून जाते. केंद्राची दहा हजारांची स्वनिधी कर्जयोजना जून २०२० ला आली, तीही शहरी फेरीवाल्यांसाठीच. कापडवाल्याला निदान बँकेचे हप्ते पुढं ढकलायची सोय होती. @गोलाईकर, तुमचं नुकसान मोठं आहे हे खरं, पण तुम्ही धागा काढू शकता.


गोलाईकर:

@मास्तर, मान्य. आठवडी बाजाराचं माझ्या डोक्यातही नव्हतं. आमच्याकडून घाऊक माल नेणारे, बाजारात टॉवेल-टोप्या विकणारे काहीजण त्यानंतर परत दिसलेच नाहीत.

@दवाखाना_ड्यूटी ताई, बस्त्याची गर्दी वेगळी, हे पटलं. पण मग उपाय गर्दीवर करा ना. एका वेळी एका घराचे तिघं, आधी फोनवर वेळ घेऊन, शटर पूर्ण उघडं. आणि हे नको तर घरपोच तरी द्यायची मुभा द्यायची होती. एप्रिल २०२१ मध्ये आम्हाला तेही नव्हतं, घरपोच फक्त जीवनावश्यक. फोटो पाठवा, साडी पसंत करा, पोरगं नेऊन देतं. यात कुठली गर्दी होती?


दवाखाना_ड्यूटी:

@गोलाईकर भाऊ, कागदावर झकास. तीन माणसांचा नियम तुम्ही पाळला असता, विश्वास आहे. तुमच्या शेजाऱ्यानं? २२ एप्रिलपासून लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम होता, मोडला तर पन्नास हजार दंड. आमच्या गावाकडं दोन तासांचं लग्न मंडपात व्हायचं आणि उरलेलं शेतात. सकाळी अक्षता पंचवीस माणसांत, दुपारी पंगत आंब्याखाली. पुढच्या आठवड्यात त्या पंगतीतली माणसं आमच्याकडं. नवरदेवाचे वडील पण होते त्यात.

घरपोचचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. ते द्यायला हवं होतं.

आणि किराण्याची वेळ सकाळी सात ते अकरा केली, तो तर शुद्ध वेडेपणा होता. दिवसभर विखरून येणारी माणसं चार तासांत कोंबली. रात्रपाळी संपवून घरी जाताना ती गर्दी बघायचे आणि वाटायचं, परत फिरावं, बेड मांडून ठेवावेत.


कायद्याचा_किडा:

गोलाईकर म्हणतात तसं मालाऐवजी धोका मोजून ठरवायची पद्धत शेवटी आलीच की. ४ जून २०२१ चा आदेश, ७ जूनपासून लागू, पाच स्तर. दर आठवड्याला जिल्ह्याचा चाचण्यांमधला बाधितांचा दर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा बघायच्या. बाधित पाच टक्क्यांच्या आत आणि खाटा पंचवीस टक्क्यांच्या आत भरलेल्या असतील तर पहिला स्तर, सगळं उघडं. तिसऱ्या स्तरात बिगर-अत्यावश्यक दुकानं सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत. चौथ्यापासून पुन्हा बंद. जुनी यादी तिथंही होतीच, पण ती कधी लागू होणार हे आकडा ठरवत होता. व्यापाऱ्याला निदान कळायचं की शटर कशामुळं खाली आहे.


दवाखाना_ड्यूटी:

हो, आणि तीच पद्धत एप्रिलमध्ये लावली असती तर मराठवाड्यातले बहुतेक जिल्हे पाचव्या स्तरात गेले असते. कापड तरीही बंदच.


अंबाजोगाईचा_कापडवाला:

बराच वेळ वाचतोय, लिहावं की नको असं चाललं होतं.

त्या एप्रिलात अंबाजोगाईत काय चाललं होतं ते अख्ख्या राज्यानं पाहिलं. आमचं दुकान बंद होतं, नियमानं बंद. पण घर वरच्या मजल्यावर, त्यामुळं पहाटे पाचला, रात्री अकराला, कधीही कडी वाजायची. कुणाला मांजरपाट पाहिजे, कुणाला टॉवेल-टोपी. मयताचं कापड यादीत आहे की नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. देह प्लास्टिकमध्ये बांधून मिळतो, कापड अंगावर घालताच येत नाही, हे लोकांना ठाऊक होतं. तरी न्यायचे. निदान वर ठेवू देतील म्हणून.

एकदा एक माणूस आला. बहीण गेली होती. माहेरची साडी पाहिजे म्हणाला. मी म्हणालो घ्या कोणतीही, पैशाचं राहू द्या. तर म्हणाला, 'कोणतीही नको, हिरवी दाखवा, काठाची. तिला काठाचीच आवडायची.' मग मी आतला दिवा लावला आणि गठ्ठा सोडला. त्यानं चार-पाच साड्या उलगडून बघितल्या, पदर बघितला, एक बाजूला काढली. दिवा बाहेर दिसत होता, पथकाची गाडी समोरून गेली, थांबली नाही.

ताई म्हणतात ते मला पटतं, बस्ता थांबू शकत होता. फक्त यादीवाल्यांनी कापडाचं दुकान म्हणजे बस्ता एवढंच धरलं.


हौशी_नांदेडकर:

🙏


कडबाकुट्टी:

@अंबाजोगाईचा_कापडवाला, दादा, लिहिलंत ते बरं केलंत.


गोलाईकर:

यावर मी काही बोलत नाही.

वकीलसाहेब, एक कामाचं विचारतो. आमच्या चुलत्यावर २०२१ च्या मेमध्ये दुकान अर्धवट उघडं सापडलं म्हणून तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम १८८ चा (सरकारी आदेश मोडल्याचा) गुन्हा दाखल झाला होता. दंड वेगळा भरला, त्याची पावती आहे. आता त्यांच्या मुलाच्या पासपोर्टसाठी घरातली सगळी कागदं काढायलोत तर ते आठवून चुलते घाबरलेत. त्याचं पुढं काय झालं कुणालाच माहीत नाही.


कायद्याचा_किडा:

मुलाच्या पासपोर्टचा आणि वडिलांवरच्या गुन्ह्याचा संबंध नाही, आधी त्यांना तेवढं सांगा.

आता गुन्ह्याचं. १८८ मध्ये नुसत्या एफआयआरवर न्यायालयाला दखल घेता येत नाही, ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला त्यानं किंवा त्याच्या वरिष्ठानं लेखी तक्रार करावी लागते. ती झाली नसेल तर प्रकरणात फारसा दम नसतो. शिवाय लॉकडाऊनमधले १८८ चे गुन्हे मागं घ्यायचं राज्य सरकारनं २०२२ मध्ये जाहीर केलं. पण जाहीर झालं म्हणजे आपोआप कागद निघाला असं समजू नका. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर चुलत्यांच्या नावानं शोधा, सापडलं नाही तर पोलीस ठाण्यात गुन्हा क्रमांक देऊन सद्यस्थिती लेखी मागा. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१ पण लावलेलं असेल तर ते वेगळं बघावं लागेल, त्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. एफआयआरची प्रत असेल तर कलमं वाचून इथंच टाका, नावं झाकून.

भरलेला दंड परत मिळायची आशा सोडा.


गोलाईकर:

प्रत काढतो. दंडाचं चुलत्यांना मी नाही सांगत, तुम्हीच फोनवर सांगा. ते अजून ती पावती दुकानाच्या खर्चात धरायची म्हणतायत.